उशिराचा शिधा

वाचनालयातून पुस्तक नेणाऱ्या माणसांच्या दोनच तऱ्हा असतात : मुदतीत परत करणारे, आणि आपण सगळे. पहिल्या तऱ्हेची माणसं आमच्या ढोकी गावात नाहीतच असं नाही. पंधरवडा संपायच्या आदल्या दिवशी पुस्तकाला वर्तमानपत्राचं कव्हर घालून, पिशवीत उभं ठेवून परत आणणारे एखादे निवृत्त काका प्रत्येक गावात असतात. पण अशा माणसावर लिहिण्यासारखं फारसं काही नसतं. लिहावं ते दुसऱ्या तऱ्हेवर. ही माणसं वाईट नसतात, चोर तर मुळीच नसतात. पुस्तक परत द्यायचं त्यांच्या मनात पक्कं असतं. फक्त आज नसतं.

गावातल्या घरात पुस्तक शिरलं की त्याला पाय फुटतात. सासऱ्यांनी आणलेली कादंबरी दुपारी सुनेच्या हाती जाते. पंचमीला ती सुनेबरोबर मुरूडला माहेरी जाते आणि भावजयीच्या उशाखाली मुक्काम ठोकते. दिवाळीत भाऊबीजेच्या पिशवीतून, करंज्यांच्या डब्याखाली दबून ती परत येते, तेव्हा मुखपृष्ठावर तेलाचं एक पानभर बेट उमटलेलं असतं. जुन्या पोथ्यांच्या शेवटी लेखनिक पोथीच्याच तोंडून विनवणी घालून ठेवत : तेलापासून जपा, पाण्यापासून जपा, बांधणी सैल होऊ देऊ नका आणि मूर्खाच्या हाती मला देऊ नका. त्या बिचाऱ्यांना भाऊबीज लक्षात आली नसावी. तेल लागलेलं पुस्तक परत कसं द्यायचं, या संकोचापायी कादंबरी दिवाणाच्या पेटीत जाते. वर रजया, सतरंज्या आणि लग्नात आलेलं न उघडलेलं ताटांचं खोकं. तिथून पुढं तिचा इतिहास भूगर्भशास्त्राच्या अखत्यारीत येतो.

अशा पुस्तकाचं शेवटचं पान कधी उघडून बघावं. तारखांची चिठ्ठी डकवलेली असते. जांभळ्या शाईचे शिक्के एकाखाली एक, काही तिरके, एखादा उलटा, एखाद्यावर ग्रंथपालांनी पेनानं दुरुस्त केलेला महिना. पंधरा दिवस, पंधरा दिवस, पुन्हा पंधरा दिवस. एखाद्या पुस्तकाला गावानं किती माया लावली होती, हे त्या चिठ्ठीवरून कळतं. आणि मग एके ठिकाणी शिक्के थांबतात. खाली कोऱ्या रेघा. पुस्तक आपल्या घरी आलं ते तिथं.

आता दंडाचा हिशेब करू. दिवसाला चार आणे धरले, तरी बारा वर्षांचे 1095 रुपये होतात. लीप वर्षांचे तीन दिवस ग्रंथपालांनी मोठ्या मनानं सोडून दिले असं समजू. पुस्तकावर छापलेली किंमत साठ रुपये. साठ रुपयांच्या पुस्तकापायी हजार रुपये मोजणारा माणूस अजून जन्मायचा आहे. तेव्हा वाचक पैसे भरत नाही आणि पैसे भरायचे नाहीत म्हणून पुस्तकही देत नाही. ग्रंथपाल एस.टी. स्टँडवर दिसले की तो चहाच्या गाड्यामागं सरकतो. वाचनालय ज्या गल्लीत आहे ती गल्ली टाळतो. दळण दुसऱ्या गिरणीत टाकतो, कारण पहिल्या गिरणीचा रस्ता वाचनालयावरून जातो. दंड वसूल होत नाही, पुस्तक जातं ते जातंच, वर वाचकही जातो. हा व्यवहार नेमका कुणाच्या फायद्याचा आहे, हे आजवर कुणी सांगू शकलेलं नाही.

अमेरिका आणि कॅनडातल्या कित्येक वाचनालयांनी या पेचातून एक वाट काढली. वर्षातले काही आठवडे ती जाहीर करतात की थकलेल्या दंडाऐवजी खाण्याची वस्तू आणा. टिकाऊ हवी, सीलबंद हवी : डबाबंद वाटाणा, मका, घेवडा, शेवया, पीनट बटर. बऱ्याच ठिकाणी एका डब्याला एक डॉलर माफ असा सरळ भाव असतो. जमलेला माल गावातल्या अन्नपेढीकडं जातो आणि तिथून गरजू घरांत. सोबत एक अटही असते : डब्याची मुदत संपलेली नसावी. मुदत संपलेलं पुस्तक घेऊन येणाऱ्याला ही अट घालावी लागते, यात मला मानवी स्वभावाची पुरेपूर ओळख दिसते.

अन्नावर न थांबता त्याही पुढं गेलेले लोक आहेत. मॅसॅच्युसेट्समधल्या वूस्टर शहराच्या सार्वजनिक वाचनालयानं मार्च 2024 मध्ये जाहीर केलं की हरवलेल्या किंवा खराब झालेल्या पुस्तकाची भरपाई म्हणून मांजराचा फोटो दाखवा, नाहीतर मांजराचं चित्र काढून द्या, खातं मोकळं. ज्यांच्याकडं मांजर नाही त्यांनी कुत्रं दाखवलं तरी चाललं. ढोकीत ही योजना आली, तर दंड भरण्याऐवजी आमच्या गल्लीतल्या मांजरांची ग्रंथपालांकडून उलट रक्कम निघेल. सॅन फ्रान्सिस्कोच्या वाचनालयानं 2017 च्या सुरुवातीला सहा आठवड्यांची सरसकट माफी दिली, तेव्हा सात लाखांच्या आसपास पुस्तकं आणि इतर वस्तू परत आल्या. त्यांत एक कथासंग्रह 1917 साली नेलेला होता. नेणाऱ्या बाई मुदत संपायच्या आतच वारल्या होत्या. पणतवंडानं शंभर वर्षांनी तो आणून दिला. पुस्तकाचं नाव मराठीत सांगायचं तर ‘चाळीस मिनिटं उशीर’. पुढं त्या शहरानं 2019 मध्ये दंडच काढून टाकला. त्याच वर्षी शिकागोनं काढला, आणि पुढच्या तीन आठवड्यांत परत येणारी पुस्तकं आधीच्या तुलनेत 240 टक्क्यांनी वाढली. न्यूयॉर्कनं 2021 च्या ऑक्टोबरात तोच रस्ता धरला.

अमेरिकेतून आलेलं म्हटलं की आमच्या जिल्ह्यातली जुनी माणसं जरा सावध होतात. 1972 च्या दुष्काळात तिकडून तांबडी मिलो ज्वारी आली होती. खडी फोडून आल्यावर लोकांनी तिच्या भाकरी नाक मुरडत खाल्ल्या. पोट भरलं, पण चव कुणी विसरलं नाही. तेव्हा अमेरिकेतून धान्य आलं, आता धान्याची कल्पना आली आहे. पण या खेपेला नाक मुरडायचं कारण नाही. हे बियाणं मुळात आपल्या मातीतलंच आहे.

अक्षराची किंमत धान्यात मोजायची रीत आपल्याकडं पूर्वापार आहे. सुताराला, लोहाराला सुगीत बलुतं मिळायचं, तसं पंतोजीला पोरं शिकवण्याबद्दल धान्य मिळायचं आणि अमावास्या-पौर्णिमेला शिधा. सुपात ज्वारी, वर मूठभर डाळ, मिठाचा खडा, गुळाचा खडा : शिक्षणशुल्काची ही पावती होती. पणजीत 1908 साली, पोर्तुगीज अमदानीत, मराठी शाळा चालवण्यासाठी घरोघर स्वयंपाकाच्या वेळी मूठभर तांदूळ बाजूला काढायचं ठरलं. त्या मुठीवर संस्था उभी राहिली आणि तिनं नावही तेच घेतलं, मुष्टिफंड. ती आजही आहे. साताऱ्यात कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1924 साली बोर्डिंग काढलं, तेव्हा गावोगावच्या शेतकऱ्यांनी धान्य घातलं, घरोघर मुष्टिफंडाची मडकी लागली. आणि ते पुरेना, तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंच्या अंगावरचे दागिने गेले. मंगळसूत्रसुद्धा मुलांच्या जेवणासाठी मोडलं गेलं. ज्या प्रदेशात शाळा मुठीवर चालल्या, तिथं वाचनालयाचा दंड पायलीनं वसूल करणं काही परदेशी थेर म्हणता यायचं नाही.

तेव्हा समजा, ढोकीच्या वाचनालयात हा ठराव आला. बैठकीला अध्यक्ष, चिटणीस, दोन सदस्य आणि चहा. आधी दरपत्रक ठरेल. महिन्याच्या आतला उशीर असेल तर चिपटं, तीन महिन्यांपर्यंत मापटं, वर्षाला शेर, आणि त्यापुढं कितीही वर्षं झाली तरी चार शेरांची एक पायली. पायलीच्या वर दंड नाही. भर चौकातून पायलीभर ज्वारी काखेत मारून वाचनालयाची पायरी चढली, आणि वाटेत चौघांनी “काय हो, किती वर्षं झाली?” म्हणून विचारलं, की माणसाची शिक्षा पुरी होते.

मग माप कुठं आहे, याचा शोध सुरू होईल. पितळी कड्यांची लाकडी पायली आता घरोघर राहिली नाही. एखाद्या आजीकडं असते. तिच्यात सुया, बटणं आणि बंद पडलेल्या घड्याळाचा पट्टा असतो. आजी ती देईल, पण माप भरायला स्वतः येईल, कारण तिच्या मते आजकालच्या लोकांना शीग लावता येत नाही. पायलीच्या काठावर ज्वारीचा छोटा डोंगर उभा राहिला पाहिजे आणि वरचा दाणा घरंगळता घरंगळता थांबला पाहिजे. ते शिगेचं माप. तळहातानं सपाट केलं तर ते कंजूष दुकानदाराचं. वाचनालयाचा दंड कुठल्या मापानं घ्यायचा, या एका प्रश्नावर बैठक तहकूब होईल.

पुढच्या बैठकीत खरी अडचण पुढं येईल : ज्वारी आहे कुणाच्या घरात? आमच्या शिवारात खरिपाला जिकडंतिकडं सोयाबीन, पाणी असेल तिथं ऊस. पेवं बुजली, बळदं बुजली, कणग्या वाळवीनं नेल्या. सोयाबीन विकून दुकानातून ज्वारी आणणारा शेतकरी आता नवलाचा राहिलेला नाही. दंडाला सोयाबीन चालेल का? नाही चालणार. ते पिकवतात सगळे, शिजवत कुणी नाही. ऊस? टिपरू घेऊन येणारी पोरं ते दारापर्यंत निम्मं खाऊन संपवतील. साखर? गाव कारखान्याचं, त्यामुळं साखरेची पुडी कुणीतरी आणणारच, आणि तिच्यामागून ज्या मुंग्या येतील त्या कुणाच्याही सभासदत्वाशिवाय सगळं कपाट वाचून काढतील. सरतेशेवटी ठरेल की मालदांडीला पूर्ण सूट, हायब्रीडला निम्मी, तूरडाळीला दीडपट, आणि सणाला सरकारी ‘आनंदाच्या शिध्या’त मिळायचं तसलं पामतेल कुणी आणू नये; तेलाशी पुस्तकांचं जुनं वैर आहे.

मग हिशेब तपासनीस. महाराष्ट्रानं 1967 साली सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा केला, त्यामुळं खेड्यापाड्यांतली हजारो वाचनालयं अनुदानावर उभी राहिली. अ, ब, क, ड असे त्यांचे वर्ग आहेत. ड वर्गातल्या वाचनालयाच्या ग्रंथपालाचा पगार ऐकला तर वाचकच त्याला शिधा देऊ लागतील. पण अनुदान म्हटलं की रोजकीर्द आली. जमेच्या बाजूला ‘ज्वारी, दोन पायल्या, एक मापटं’ ही नोंद कुठल्या शीर्षाखाली घ्यायची? वर्षअखेरीला मोजताना मापटं कमी भरलं तर खर्चाच्या बाजूला ‘उंदीर’ लिहिता येतं का? आणि त्याच्या पावतीवर कोण सही करणार?

उंदरांपेक्षा अवघड प्रश्न किड्यांचा. धान्यात सोंडे होतात, पुस्तकात कसर होते. आजवर या दोन घराण्यांची गाठ पडली नव्हती. एकाच खोलीत ठेवून त्यांची सोयरीक जुळवली, तर जी संतती निपजेल ती ज्वारीसकट शब्दकोशही फस्त करील. यावर उपाय एकच : धान्य वाचनालयात रात्र काढणार नाही. सकाळी आलं की संध्याकाळपर्यंत गेलं पाहिजे.

जायला जागा भरपूर आहेत. वाचनालयाच्या अभ्यासिकेत पोलिस भरतीची, तलाठी परीक्षेची तयारी करणारी पोरं बसतात. खोलीचं भाडं आणि पुस्तकांचा खर्च भागवून त्यांच्या हाती जे उरतं, त्यात दुपारी वडापाव आणि रात्री दुपारचाच उरलेला वडापाव येतो. तेरणा कारखान्याचं धुराडं मधली कित्येक वर्षं थंड होतं. ते पेटतं तेव्हा हंगामात ऊसतोडीची कुटुंबं फडाच्या कडेला कोप्या करून राहतात. पहाटे आईबाप तोडीला जातात आणि मागं पोरं पोरांना सांभाळतात. एखाद्या कादंबरीच्या उशिरातून त्या कोपीतल्या तव्यावर दोन भाकरी पडल्या, तर मराठी कादंबरीनं इतकं ठोस सामाजिक काम क्वचितच केलं असेल.

“आणि दुष्काळ पडला म्हणजे?” एखादे तात्या विचारतील. रास्त प्रश्न आहे. एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे गेली, ती आमच्या ढोकीवरूनच. पहिल्या खेपेला दहा वाघिणी, पाच लाख लिटर पाणी. माणसं रुळाकडं बघत राहायची; गाडी भरलेली जायची आणि आपली घागर रिकामी. अशा सालात ज्वारीचा दंड कोण भरणार? त्या साली दर बदलावा लागेल : वर्षभराच्या उशिराला घागरभर पाणी. मग मात्र मुदतीत पुस्तक आणणारेही मुद्दाम बघायला येतील की घागर आणतो कोण.

विनोद बाजूला ठेवला तरी एक आक्षेप उरतो, आणि तो जड आहे. इस्रायलमधल्या हैफा शहरातल्या पाळणाघरांवर दोन अर्थतज्ज्ञांनी केलेला अभ्यास 2000 साली प्रसिद्ध झाला. संध्याकाळी मुलाला न्यायला उशीर करणाऱ्या पालकांना दंड लावून पाहिला. उशीर कमी व्हायच्या ऐवजी जवळपास दुपटीवर गेला. आधी पालकांना ताईंसमोर ओशाळं वाटायचं. पैसे मोजू लागल्यावर वाटेनासं झालं. उशीर ही विकत घ्यायची वस्तू झाली. मग धान्यानं तेच होणार नाही कशावरून? एखादा बागायतदार म्हणेल, “पुस्तक ठेवतो पाच वर्षं, पोतं धाडून देतो.” माझं उत्तर असं की धाडू दे. पोत्यावर पंधरा दिवस अभ्यासिका जेवेल, आणि पोतं उतरवायला आलेला गडी एखादं पुस्तक घेऊन जाईल.

पण बहुतेकांचं तसं होणार नाही, असं मला आपल्या लोकांकडं बघून वाटतं. आपल्याकडं शेजारून आलेला डबा कुणी रिकामा परत देत नाही. कढी आली असेल तर डबा घासून त्यात चार शेंगा, नसतील तर चिमूटभर साखर घालून तो परत जातो. डबा आठ दिवस आपल्याकडं राहिला याबद्दल मग कुणी काही बोलत नाही. त्या शेंगा कढीची किंमत नसतात आणि उशिराचा दंडही नसतात. दोन घरांमधलं दार उघडं आहे, एवढंच त्या सांगतात. पुस्तकाबरोबर आलेलं मापटंभर धान्य नेमकं हेच काम करतं. रोख हजार रुपये मागितले तर माणूस गल्ली सोडतो. मूठभर ज्वारी मागितली तर त्याला गल्लीत शिरायला निमित्त मिळतं. खिडकीवर पैसे सरकवून मागच्या मागं पळता येतं. धान्य मोजायला मात्र थांबावं लागतं, आणि थांबलं की बोलणं होतं.

“लई दिसांनी आलाव.”

“काय करायचं ओ, ध्यानातूनच गेलं. ही ज्वारी घ्या.”

“ठिवा तिथं. त्या लेखकाचं दुसरं आलंय, नेता का?”

हा संवाद घडला की वाचनालयाचा दंड वसूल झाला. पुढचं पुस्तकही उशिराच येणार, हे ग्रंथपालांना ठाऊक असतं. पण ते येणार, हेही ठाऊक असतं.

ग्रंथालयशास्त्राचे आचार्य रंगनाथन यांनी 1931 साली पाच सूत्रं मांडली. पुस्तकं वापरण्यासाठी असतात हे पहिलं. प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक मिळावं आणि प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक, ही पुढची दोन. दंडावर त्यांत एकही सूत्र नाही. सतरंज्यांखाली पडलेलं पुस्तक पहिली तिन्ही सूत्रं एकाच वेळी मोडतं. गावातली कुणी नववीतली मुलगी नेमकं तेच पुस्तक शोधत तीनदा वाचनालयात येऊन गेलेली असते, आणि नोंदवहीत ते ‘बाहेर’ असतं. उशिराचं खरं नुकसान तिचं होतं. ते चार आण्यांच्या हिशेबात कुठंच येत नाही.

म्हणून दरपत्रकाच्या तळाशी एक कलम ठळक अक्षरांत हवंच. कोपीत राहणाऱ्यानं, रोजंदारीवर जाणाऱ्यानं, ज्याच्या घरात उद्याचं पीठ आजच मोजलं जातं त्यानं दंड म्हणून काय आणायचं? त्यानं फक्त पुस्तक आणायचं. त्याला कुणी काही विचारायचं नाही. गरिबाला वाचनालयापासून तोडणारा दंड, मग तो रुपयात असो की ज्वारीत, वाचनालयाला शोभत नाही.

ढोकीतल्या, आणि ढोकी सोडून पुण्या-मुंबईला, लातूरला गेलेल्या सगळ्यांना माझी एकच विनंती आहे. या रविवारी कपाटं, माळे, ट्रंका आणि सोफ्याखालच्या पेट्या उघडा. वाचनालयाचा गोल शिक्का असलेलं पुस्तक सापडलं, तर तेल पुसा, कव्हर घाला आणि परत नेऊन द्या. समितीचा ठराव होईल तेव्हा होईल. त्याची वाट बघू नका. जमलं तर सोबत शेरभर ज्वारी न्या. नाही जमलं तर नुसतं पुस्तक न्या.